‘बाई, हे कशावरून?’

एका वाचक शिक्षिकेचं पत्र:

“ताई, मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवते. शिक्षण बी.एस्सी. बी.एड., विषय गणित-विज्ञान. यंदा कार्यभार वाटताना सहावी ते आठवीचा इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोलही माझ्याकडे आला. दोन महिने झाले, तास संपता संपत नाही. मी धडा वाचून दाखवते, मुलं गाइडातली उत्तरं उतरवून घेतात, परीक्षेत तीच लिहितात आणि विसरतात. शाळेत भारताचा एक राजकीय नकाशा आहे, तो घडीवर फाटलाय. प्रोजेक्टर बंद पडून आहे. दिवाळीच्या सुमारास वर्गातली आठ-दहा मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. मार्च-एप्रिलात परत येतात तेव्हा त्यांचं सगळं मागे पडलेलं असतं. आणखी एक. आठवीतली मुलं मोबाइलवर इतिहासाचे व्हिडिओ बघून येतात आणि विचारतात, ‘बाई, पुस्तकात खोटं आहे का?’ मला उत्तर देता येत नाही, आणि काही बोलले तर गावात वाद होईल अशी भीतीही वाटते. मुख्याध्यापक म्हणतात, पोर्शन पुरा करा. मराठीतून चांगली साधनं कुठे मिळतील? आणि हा विषय शिकवायचा तरी कसा?”

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: ‘बाई, पुस्तकात खोटं आहे का?’ तुम्ही ते अडचणींमध्ये मोजलंय. मी एकतीस वर्षं शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात इतिहास-भूगोल शिकवला. असं विचारणारं पोर ज्या वर्षी वर्गात असायचं, ते वर्ष मला चांगलं गेलं. ते पोर पुरावा मागतंय. विज्ञानाच्या तासाला कुणी ‘हे कशावरून?’ म्हटलं तर तुम्ही परीक्षानळी काढता, लिटमस बुडवून दाखवता. इतिहासाच्या तासालाही तेच करायचं असतं. म्हणून गणित-विज्ञानाची बाई या विषयाला मिळाली, याचं मला खरंच बरं वाटलं. पुरावा म्हणजे काय, हे तुम्हाला मुळापासून ठाऊक आहे.

आत्तापर्यंतची पुस्तकं उघडून बघा. सहावी, सातवी, आठवी, तिन्ही वर्षांच्या इतिहासात सुरुवातीलाच ‘इतिहासाची साधने’ हा पाठ आहे. भौतिक, लिखित, मौखिक साधनं. आपण सगळेच तो पाठ जूनमध्ये एका तासात उरकतो, कारण त्यात लढाई नाही, राजा नाही. माझ्या मते तीन वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा पाठ तोच आहे, आणि तो एका तासाचा नाही, वर्षभर चालवायचा आहे. पुढचा प्रत्येक धडा शिकवताना मुलांनी एकच प्रश्न विचारायचा: हे कशावरून?

सुरुवात बहात्तरच्या दुष्काळापासून करा. तो तुमच्या इयत्तेच्या धड्यात असो वा नसो, मौखिक साधन म्हणून तुमच्या गावात याहून चांगलं काही नाही. १९७२ साली जे दहा-बारा वर्षांचे होते ते आता साठी ओलांडून गेले, पण ओट्यावर बसलेले सापडतील. प्रत्येक मुलाने एका माणसाला गाठायचं. मात्र ‘दुष्काळाबद्दल सांगा’ असं विचारायला पाठवू नका. त्यावर ‘लई वाईट दिवस होते बाबा’ एवढंच मिळतं. बारीक प्रश्न द्या. तेव्हा घरात काय शिजायचं? पाणी कुठून आणायचे, कोण आणायचं? कामाला कुठे जायचे? मजुरी किती, आणि ती पैशांत की धान्यात? जनावरांचं काय केलं? शाळा चालू होती का?

मुलं परत येतील ती शब्द घेऊन. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. कामावर वाटली जाणारी सुकडी. खडी फोडणं, बंडिंग, पाझर तलाव. फळ्यावर हे शब्द लिहायला लागा आणि कुणी काय सांगितलं ते त्यासमोर मांडा. अर्ध्या तासात भांडण सुरू होईल, कारण एकाच्या आजोबांनी मजुरी एक सांगितली असेल आणि दुसऱ्याच्या आजीने निराळी. ‘बाई, कोण खोटं बोलतंय?’ इथे थांबा. घाईने उत्तर देऊ नका. बायकांची आणि पुरुषांची मजुरी वेगळी होती का? एक जण सुरुवातीचं सांगतोय आणि दुसरा वर्षभरानंतरचं, असं असेल का? आजीला तेव्हा पैसे हातात मिळत होते की घरातला कर्ता घ्यायचा? पन्नास वर्षांपूर्वीचा आकडा डोक्यात कितपत टिकतो? या चार प्रश्नांवर मुलं बोलायला लागली की इतिहासलेखन म्हणजे काय, हे व्याख्येवाचून शिकवून झालेलं असतं.

मग त्यांना पाझर तलावावर न्या. तुमच्या आसपास त्या काळातला एखादा असणारच. कुठे पाटी, कुठे दगडावर कोरलेलं साल मिळेल. ते आणि आजीचं सांगणं जुळतं का, हे मुलांनाच बघू द्या. आणि तलावाच्या भरावावर बसूनच सांगा, की त्या दुष्काळातल्या कामांमधून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा आला. इतिहास, नागरिकशास्त्र आणि पर्जन्यछायेचा भूगोल, तिन्ही त्या भरावावर होतात.

एका गोष्टीसाठी मात्र तयार राहा. पाण्याचा प्रश्न विचारला की कुणाचे तरी आजोबा सांगणार, ‘आमची विहीर वेगळी होती. वरून ओततील तेवढंच पाणी.’ ते वर्गात येईल. ते झाकू नका. त्या मुलाने आजोबांकडून खरं आणलेलं आहे. पण त्याला उभं करून ‘सांग रे, तुमच्याकडे कसं होतं’ असंही करू नका. सगळ्या मुलांच्या नोंदी नावं न घेता एकत्र वाचा, आणि मग १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याकडे या. तो सत्याग्रह कशासाठी होता, हे मुलांना त्या दिवशी समजावून सांगावं लागत नाही. हे मी चुकून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी आडनावं आणि वंशावळ यांचा प्रकल्प दिला होता. एका मुलीचे वडील घर सोडून गेले होते, एका मुलाला आडनावावरून मधल्या सुट्टीत चिडवलं गेलं. दोघंही आठवडाभर शाळेत आली नाहीत. तेव्हापासून मुलांना घराबद्दल विचारायचं झालं तर मी काम, अन्न, पाणी, प्रवास एवढंच विचारते. नातं आणि आडनाव नाही.

आता सहावीकडे वळू. ‘धाराशिव जिल्ह्यात काय आहे दाखवायला’ असं तुमच्याकडचे शिक्षक म्हणतात ते ऐकून मला कळवळायला होतं. तुमच्या जिल्ह्यात तेर आहे! तेरणेच्या काठचं, गोरोबाकाकांचं तेर मुलांना माहीत असतं. त्याच गावाचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनाम माणसाने ग्रीक भाषेत समुद्रव्यापाराची माहिती लिहून ठेवली, ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. त्यात असं म्हटलंय, की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरात येते.

गणिताच्या बाईला यापेक्षा काय हवं? नकाशावर दोरा ताणा. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं, भडोच ते पैठण साडेतीनशेच्या. पहिल्याला दहाने भागा, दुसऱ्याला वीसने. दिवसाला पंधरा ते सतरा-अठरा किलोमीटर. मग ज्यांच्या घरी बैलगाडी आहे त्या मुलांना विचारा, भरलेली गाडी दिवसात किती जाते? घाट असेल तर? पाऊस असेल तर? दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस खरं सांगत होता की ऐकीव, हे तुमची सहावीची पोरं तपासतात. एखादं चौकस पोर लगेच म्हणेल, ‘बाई, त्याने पूर्वेला लिहिलंय पण तेर तर आग्नेयेला आहे.’ त्याला शाबासकी द्या. अभ्यासकांनाही हा प्रश्न पडला होता. तगर नेमकं कुठलं, यावर बराच वाद झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखवलं. पुढे तिथल्या उत्खननांत आणि नुसत्या शेतांतही मणी, नाणी, मातीची भांडी निघत राहिली. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या, आणि त्यांच्या संग्रहातून गावात सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. तिथली हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती मुलांना जरूर दाखवा. तशीच एक मूर्ती इटलीतल्या पाँपेईत, ७९ सालच्या ज्वालामुखीच्या राखेत सापडलेली आहे. सहल काढायची तर दरवर्षी शेकडो मैल कशाला? एक एसटी आणि दुपारचा डबा, एवढ्यात होतं.

तुमच्या ऊसतोडीच्या मुलांबद्दल. त्यांचं ‘मागे पडतं’ हे खरं आहे, आणि त्यांना इथेच ठेवता आलं, हंगामी वसतिगृहात किंवा नातलगांकडे, तर ते केव्हाही चांगलं. पण जी जातात त्यांना परत आल्यावर आधी नकाशाकडे बोलवा. कुठल्या कारखान्याच्या फडात होता? वाटेत कुठल्या नद्या लागल्या? तिथली माती कशी, उसाला पाणी कुठून येतं, आणि आपल्याकडे तेवढं पाणी का नाही? तिथले लोक कुठली भाषा बोलत होते? पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाच महिने काढून आलेल्या बारा वर्षांच्या पोराला सिंचन, स्थलांतर, मजुरी आणि नगदी पीक यातलं जे कळतं ते गाइडात नाही. उचल, मुकादम, कोयता हे शब्द त्याच्या तोंडून वर्गात येऊ द्या. हजेरीपत्रकात पाच महिने गैरहजर असलेला मुलगा हातात पट्टी घेऊन नकाशासमोर उभा राहतो आणि पस्तीस मुलं त्याचं ऐकतात. हे मी पाहिलेलं आहे. त्यानंतर तो मुलगा गणिताच्या तासालाही मागच्या बाकावर बसला नाही. फक्त आधी एकांतात विचारा, सांगायला आवडेल का. नको म्हणाला तर नको.

व्हिडिओंची भीती. वाद व्यक्तीवर जातो तेव्हा गाव पेटतं. तुम्ही वर्गात साधनावर बोला. ‘अमुक राजा असा होता का?’ या प्रश्नात बाईंनी बाजू घ्यायची गरज नाही. ‘हे सांगणाऱ्याला कुठून कळलं?’ एवढंच विचारायचं. फळ्यावर दोन बखरी मांडा. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला लिहिली गेली. लिहिणारा शिवरायांच्या दरबारातला. चिटणिसांची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आली. एकच प्रसंग दोघांनी निराळा सांगितला असेल तर आधी कुणाकडे जायचं? आणि जवळचा माणूस नेहमी खरंच लिहितो का? आठवीतली मुलं यावर फार शहाणपणाने बोलतात. मग समकालीन पत्र वाचायला द्या. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवरायांनी पाठवलेलं पत्र छापील स्वरूपात सहज मिळतं. रयतेकडून दाणा, भाकर, भाजी जुलमाने घेऊ नका, दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, घोड्यांना वैरण उरणार नाही. एवढ्या बारकाव्याने लिहिणारा राजा मुलांना त्या व्हिडिओतल्या राजापेक्षा जास्त आवडतो, असा माझा अनुभव आहे. आणि पालक काही विचारायला आले तर तुमच्या हातात खुद्द महाराजांचं पत्र असतं.

मुख्याध्यापकांना मात्र आधी विश्वासात घ्या. पाठ टाचणात हा उपक्रम लिहा, कुठल्या पाठाशी जोडलाय ते लिहा. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम ही साधनं आहेतच. त्याच नोंदवहीत या नोंदी घाला. म्हणजे वेगळा वेळ काढला असं कुणी म्हणणार नाही. आणि पोर्शनबद्दल खरं सांगायचं तर प्रत्येक धडा असा शिकवता येत नाही, शिकवूही नका, दमाल. एका इयत्तेला वर्षात असे दोन, फार तर तीन उपक्रम. बाकीचे धडे गोष्ट सांगितल्यासारखे सांगा, नकाशा काढा, पुढे चला.

नागरिकशास्त्रासाठी ग्रामपंचायतीची भिंत पुरे. तिथला सूचनाफलक मुलांनी उतरवून आणायचा. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातला कमी असेल तो आकडा. गावच्या मतदारांवरून तो मुलांनी काढायचा आणि मोठ्यांना विचारायचं की मागच्या सभेला किती जण होते. सरपंचांना अवघडल्यासारखं होईल असे प्रश्न मुलांच्या तोंडी देऊ नका. सभा कशी भरते, ठराव कसा होतो, एवढंच. शालेय मंत्रिमंडळ निवडतानाही बाईंनी नावं न सांगता चिठ्ठ्यांनी गुप्त मतदान घ्या.

साधनांचं तुम्ही विचारलंत. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. तुमच्या इयत्तांची आहेतच, पण नववी-दहावीची इतिहासाची पुस्तकं स्वतःसाठी वाचा. नववीत १९६० नंतरचा भारत आहे, दहावीत इतिहास कसा लिहितात त्यावर पाठ आहेत. हिंदी वाचत असाल तर मध्य प्रदेशातल्या एकलव्य संस्थेने तयार केलेली सामाजिक अध्ययनाची पुस्तकं शोधा. खेड्यातल्या मुलांशी बोलत बोलत पाठ कसा लिहायचा, ते त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा तुमच्या भागाचा नकाशा मिळवा. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तुमचा ओढा, तुमची वस्ती, तुमची पायवाट त्यात असते. फाटक्या भारतापेक्षा मुलं या नकाशावर जास्त वेळ वाकून बसतील. २०११ च्या जनगणनेचे गावनिहाय आकडे संगणकावर मिळतात. आलेख काढायला ते वापरा. पावसाचे तालुक्याचे आकडे कृषी विभागाकडे असतात.

जिल्हा गॅझेटिअरही बघा, आणि त्यात एक गंमत आहे. मुंबई इलाख्यासाठी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात जिल्ह्याजिल्ह्याचे जाडजूड खंड केले. माझ्या सोलापूरचा आहे, तुमच्या जिल्ह्याचा नाही. का नाही, हे मुलांना विचारा. तुमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. बार्शी इंग्रजांची, आणि त्यापलीकडे, म्हातारी माणसं अजून म्हणतात तशी, ‘मोगलाई’. तुमच्या शाळेत १७ सप्टेंबरला झेंडा लागतो. तो १५ ऑगस्टनंतर महिन्याने पुन्हा का लावतात, हे सातवीतल्या कितीजणांना सांगता येईल? १९४८ साली निजामाचं राज्य भारतात आलं, ती धामधूम डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढची आहेत. तुमच्या गावात एक-दोन उरली असतील. बहात्तरचा दुष्काळ पुढच्या वर्षीही विचारता येईल. हे काम मात्र या आठवड्यात करा. मोबाइलवर आवाज टिपून ठेवा, त्यांच्या आणि घरच्यांच्या परवानगीने, आणि त्यांचं बोलणं मुलांकडून शब्दाला शब्द उतरवून घ्या. ती वही शाळेच्या कपाटात ठेवा.

आणि पैठण ते तेर तुमच्या मुलांच्या दोऱ्याने किती किलोमीटर भरलं, ते मला नक्की कळवा. दोरा ताणून धरायला दोघं लागतात. ऊसतोडीला जाणारा एक जण त्यात घ्या, दिवाळीच्या आधीच.

तुमची,
ताई